वर्षअखेरीस मिसना काय द्यायचं?

ताई,

माझा मुलगा नाशिकमधल्या एका विनाअनुदानित इंग्रजी शाळेत दुसरीत आहे, स्टेट बोर्ड. महिनाअखेरीला निकाल. वर्गात 42 मुलं. पालकांच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर क्लास टीचरना चांदीचं नाणं आणि गिफ्ट व्हाउचर द्यायचं ठरतंय, प्रत्येकी 700 रुपये. पैसे भरलेल्यांची नावं हिरव्या खुणेसह रोज ग्रुपवर येतात. आम्हाला 700 रुपये जमतील, पण मनाला पटत नाही. माझा मुलगा बोलताना अडखळतो. जूनमध्ये तो वर्गात तोंडच उघडत नव्हता. मिसनी त्याच्यावर फार मेहनत घेतली, आणि फेब्रुवारीत त्याने वर्गासमोर अख्खी कविता म्हटली. त्यांना मनापासून काहीतरी द्यावं असं वाटतं. सासूबाई म्हणतात, चैत्रातलं हळदीकुंकू आहेच, घरी बोलावून साडीने ओटी भर. मिस्टर म्हणतात, 700 रुपये दे आणि मोकळी हो. मी वेगळं काही दिलं तर इतर पालकांना खटकेल का? काहीच दिलं नाही तर पुढच्या वर्षी मुलाकडे दुर्लक्ष होईल का? आणि व्हॅनवाले काका, शाळेतल्या मावशी यांचं काय?

– एक आई, नाशिक

ताईंचं उत्तर

तुमच्या पत्रातल्या एका वाक्यापाशी मी थांबले: फेब्रुवारीत त्याने वर्गासमोर अख्खी कविता म्हटली. हे मिसनी घडवलं, डोळ्यांनी पाहिलंही. पण त्यानंतर तुमच्या घरात काय झालं, हे त्यांना कुणी सांगितलंय का? सगळ्यात आधी तेवढं करा. त्यांना एक पत्र लिहा. नाणं, साडी, व्हाउचर यांबद्दल पुढे बोलतेच, पण या पत्राची जागा दुसरं काहीच घेऊ शकत नाही आणि ते वर्गणी काढून आणता येत नाही.

तुमच्या मिस प्रत्येक मुलाच्या प्रगतिपत्रकावर दोन्ही सत्रांना वर्णनात्मक नोंदी लिहितात. विशेष प्रगती, आवड व छंद, सुधारणा आवश्यक. 42 मुलं, तीन रकाने, वर्षातून दोनदा, म्हणजे अडीचशेच्या वर नोंदी होतात. एप्रिलच्या उकाड्यात, घरचा स्वयंपाक आवरून, रात्री बसून त्या पूर्ण केल्या जातात. त्यांच्या स्वतःच्या कामाची अशी नोंद मात्र कुणी लिहीत नाही. त्यांचा ‘विशेष प्रगती’चा रकाना या वर्षी तुम्ही भरा.

मी बऱ्याच शिक्षिकांना विचारलं आहे की इतक्या वर्षांत आलेल्या भेटींमधलं काय जपून ठेवलंत. उत्तर जवळजवळ नेहमी कागदाचंच येतं. एखाद्या आईचं पत्र, मुलाने काढलेलं चित्र, दहावी झाल्यावर एखाद्या विद्यार्थ्याने पाठवलेलं पोस्टकार्ड. ते कपाटात साड्यांच्या घडीखाली असतं, आणि एखाद्या वाईट दिवशी बाहेर काढून वाचलं जातं.

पत्र चांगलं उतरायला हवं असेल तर ‘तुमचं मार्गदर्शन अमूल्य आहे’ यासारखी वाक्यं टाळा. ती कोणत्याही मिसना, कोणत्याही वर्षी लागू पडतात. तुम्ही तुमच्याच घरातलं लिहा. आधी कसं होतं, मिसनी नेमकं काय केलं, आता काय दिसतं. समजा, असं काहीतरी:

‘मिस, जूनमध्ये हा रोज सकाळी पोट दुखतंय म्हणायचा. वाचनाच्या तासाला आपला नंबर येईल, ही त्याची भीती होती. तुम्ही त्याला आधी एकट्याला तुमच्या टेबलाजवळ वाचायला लावलंत, मग बाकावरच्या मित्राला वाचून दाखवायला सांगितलंत, हे आम्हाला हळूहळू त्याच्याकडूनच कळत गेलं. तो अडखळला की आम्ही घाईने त्याचं वाक्य पूर्ण करायचो. तुम्ही कधी केलं नाहीत, त्याला करू दिलंत. आता आम्हीही थांबायला शिकलोय. फेब्रुवारीत कविता म्हटली त्या दिवशी घरी येऊन त्याने ती आजीला पुन्हा पुन्हा म्हणून दाखवली. मधे दोनदा अडला, पण थांबला नाही.’

तपशील अर्थातच तुमचे घाला, ते मला माहीत नाहीत. मुलाशी बसून बोललात तर बरेच नवे कळतील. एका पानापेक्षा जास्त लिहू नका. मिस मराठी नसतील तर त्यांना समजेल त्या भाषेत लिहा. व्याकरण चुकलं तरी चालेल, पण हाताने लिहा आणि खाली तारीख घाला. पुढे कधी त्या पत्रावर हात पडला की कोणतं वर्ष, कोणती तुकडी हे त्यांना लगेच आठवायला हवं.

त्याच पत्राची दुसरी प्रत मुख्याध्यापकांच्या नावाने शाळेच्या कार्यालयात द्या, वर ‘कौतुकपत्र’ असं लिहून. हे मी फार आग्रहाने सांगते आहे. विनाअनुदानित शाळांमध्ये कितीतरी शिक्षकांची नेमणूक एकेका वर्षाची असते, आणि पुढच्या वर्षी कुणाला ठेवायचं हे साधारण याच दिवसांत ठरतं. मुख्याध्यापकांच्या टेबलावर पालकांच्या तक्रारी लेखी येतात, कौतुक मात्र फाटकाशी तोंडी होतं आणि तिथेच विरतं. एका मुलाच्या बोलण्यात मिसमुळे काय फरक पडला हे तारखेसह लिहिलेलं पत्र त्यांच्या फाइलला लागलं, तर त्याचा उपयोग त्यांना कोणत्याही नाण्यापेक्षा जास्त दिवस होईल.

मुलाचा वाटा त्याच्याकडूनच घ्या. दुसरीतल्या मुलाला ‘मिसवर पाच ओळी लिही’ म्हटलं की तो निबंध लिहितो. त्यापेक्षा त्याला विचारा: मिस वर्गात आल्या की आधी काय करतात? त्या कधी हसतात? त्यांनी सांगितलेलं काय तुला अजून आठवतं? त्याचं उत्तर त्याच्याच शब्दांत उतरवून घ्या, एक अक्षर सुधारू नका. खाली त्याला सही करू दे, चित्र काढू दे. चित्रात मिसचे हात गुडघ्याखाली गेले तरी तसेच राहू द्या.

आता वस्तूंचं. शिक्षिकेच्या घरी ‘बेस्ट टीचर’ लिहिलेले मग, फोटो फ्रेम, पेनस्टँड, काचेच्या शोपीस यांना आता जागा उरलेली नसते. सुगंधी मेणबत्त्या आणि परफ्यूम प्रत्येकाला सोसतातच असं नाही. मिठाई द्यायची तर निकालाच्या दिवशी पेढ्यांची आपली जुनी पद्धत आहेच, पण त्या दिवशी मिसच्या टेबलावर पेढ्यांचे पुडे रचलेले असतात. झाड देऊ नका. सुट्टीत शाळा बंद असते आणि मिस गावी जातात.

काय उपयोगी पडतं हे बघायचं असेल तर शाळा सुटताना मिसकडे नीट पाहा. दोन्ही हातांत वह्यांचे गठ्ठे असतात. रुंद पट्ट्याची, भक्कम शिवणीची कापडी पिशवी वर्षभर रोज वापरली जाईल. नाशिकमध्ये बचत गटाच्या बायका अशा पिशव्या छान शिवून देतात, खणाचा काठ लावला तर देखणीही दिसते. दिवसभर बोलून घसा बसतो, तेव्हा पाणी कोमट ठेवणारी चांगली स्टीलची बाटली. तपासणीसाठी लाल शाईची, हाताला न रुतणारी पेनं, डबाभर. यातलं एखादंच, साधंसं, पत्राबरोबर. यांतली कोणतीही वस्तू फार महाग नाही, त्यामुळे ती घेताना मिसना संकोच वाटणार नाही.

आणि तुमच्या सासूबाईंकडे वळते, कारण त्यांचा भाव मला फार आवडला. ज्या बाईंनी नातवाला बोलतं केलं तिला घरी बोलवावं, मान द्यावा, हे त्यांना सुचलं ते अगदी योग्य आहे. फक्त ओटी भरताना मिसचं लग्न झालंय का, त्यांचे पती आहेत का, त्यांचा धर्म कोणता, हे प्रश्न न विचारताही मधे येतात, आणि एखाद्या शिक्षिकेला त्या क्षणी फार अवघड होऊ शकतं. साडीचंही तसंच आहे. किंमत वाढते, रंगाची आवड कळत नाही, आणि पुढच्या वर्षी दुसऱ्या आईला वाटतं आपणही साडीच द्यायला हवी. एका पालकाच्या घरी जायचं आणि दुसऱ्याच्या नाही, हेही बहुतेक शिक्षिका टाळतात, आणि ते बरोबर आहे.

सासूबाईंना दुसरं काम द्या. सध्या घरोघरी वाळवणं चालू आहेत. त्यांच्या हातच्या कुरडया, पोह्याचे पापड, साबुदाण्याच्या चकल्या, जे त्यांचं खास असेल ते थोडंसं, स्वच्छ पिशवीत बंद करून, वर चिठ्ठी: ‘आमच्या घरच्या कुरडया, गव्हाच्या, मीठ आणि हिंग घालून. आजीकडून.’ चिकात काय घातलंय हे लिहायचं, कारण कुणाला काय चालत नाही हे आपल्याला ठाऊक नसतं. निकालाच्या दिवशी उन्हात पन्हं किंवा आंबेडाळ टिकायची नाही, वाळवण टिकतं. शिवाय वाळवण घालायला ज्या मिसना स्वतःला वेळ मिळाला नाही, त्यांच्या घरी ते खरोखर खाल्लं जाईल.

आंब्यांचं तुम्ही विचारलं नाहीत, तरी सांगून ठेवते, कारण एप्रिलअखेर म्हटलं की पेटीचा विचार कुणाच्या तरी डोक्यात येतोच. घरची बाग असेल तर डझनभर जरूर द्या. विकत आणून पेटी दिली की ती भेट मिसच्या मनात किमतीने मोजली जाते, आणि ग्रुपवरही.

ग्रुपचा विषय आता नीट बोलू, कारण मला त्यात मोठी चूक दिसते. 42 गुणिले 700 म्हणजे 29,400 रुपये. एवढ्या रकमेची भेट एका शिक्षिकेला स्वीकारताना अवघड वाटणारच, आणि व्हाउचर तर जवळजवळ रोख पैसेच. पण मला जास्त त्रास होतो तो त्या हिरव्या खुणांचा. शिक्षण हक्क कायदा 2009 प्रमाणे तुमच्यासारख्या बहुतेक विनाअनुदानित शाळांत पहिल्या इयत्तेपासून 25 टक्के जागा वंचित आणि दुर्बल घटकांतल्या मुलांसाठी असतात. याचा अर्थ तुमच्या मुलाच्या वर्गातही बहुधा अशी मुलं असणार, ज्यांचे वडील रिक्षा चालवतात, आई घरकामाला जाते. फी सरकार भरतं, गणवेश आणि सहलीसाठी आईबापांची ओढाताण होते, त्यात आता हे 700. रोज संध्याकाळी ग्रुपवर यादी येते आणि आपल्या नावापुढे खूण नसते, हे त्या आईला कसं वाटत असेल? तिच्या मुलाला ते कळल्याशिवाय राहत नाही. मुलं वर्गात विचारतात, तुझ्या मम्मीने दिले का. आभार मानायच्या गोष्टीत असं व्हायला नको. ज्या मिसनी तुमच्या अबोल मुलाला वर्गात सामावून घेतलं, त्यांच्याच नावाने दुसरं एखादं मूल बाजूला पडतंय, हे त्यांना कळलं तर वाईट वाटेल.

तुम्ही बोला. भांडायची गरज नाही, आणि नुसती हरकत घेतली तर कुणी ऐकणारही नाही. कामाची जबाबदारी घेऊन बोललं की ऐकतात. ग्रुपवर साधारण असं टाका:

‘नमस्कार. मिससाठी सगळ्यांनी मिळून काहीतरी करायची कल्पना खूप छान आहे. माझी एक विनंती: रक्कम ज्याची त्याने ठरवावी, आणि कुणी दिले, कुणी नाही, ही यादी ग्रुपवर नको. भेटीवर 42 मुलांची नावं असू देत. त्याबरोबर प्रत्येक मुलाने मिससाठी एक पान लिहिलं किंवा रंगवलं तर त्याची मी वही बांधून आणते. कोरी पानं शुक्रवारी मुलांबरोबर पाठवते.’

झेरॉक्सच्या दुकानात 42 पानांचं स्पायरल बायंडिंग हातोहात होतं. ज्या मुलांची पानं येणार नाहीत त्यांच्यासाठी दोन दिवस आधी फाटकाशी उभ्या राहा, कागद आणि रंग जवळ ठेवा, तिथेच दोन ओळी काढून घ्या. 42 म्हणजे 42 पानं व्हायला हवीत, यात तडजोड करू नका. हा सगळा खटाटोप त्यासाठीच आहे. पैसे गोळा करणाऱ्या पालकांशी आधी फोनवर बोलून घ्या, म्हणजे ग्रुपवर त्यांना कमीपणा वाटणार नाही. बहुतेक वेळा त्यांनाही यादी टाकताना बरं वाटत नसतं, हिशेब दाखवायचा म्हणून ते टाकत असतात. एकूण किती जमले आणि कशावर खर्च झाले, एवढं सांगितलं की हिशेब पुरा होतो.

जमलेल्या पैशांतून मिसना एक चांगली, पण आटोपशीर वस्तू घ्या आणि उरलेले वर्गाला द्या. कितीतरी शिक्षिका तक्ते, रंगीत कागद, स्टिकर, कधी एखाद्या मुलाची पेन्सिलसुद्धा स्वतःच्या पैशाने आणतात. वर्गवाचनालयाला पुस्तकं देता येतील, पण पुस्तकं मिसना निवडू द्या. बालभारतीचं ‘किशोर’ मासिक 1971 पासून निघतंय, त्याची वर्षाची वर्गणी तुमच्या तुकडीच्या नावाने भरली तर पुढच्या दुसरीतल्या मुलांच्याही ते हाती लागेल. दहावीची मुलं निरोप समारंभात शाळेला भिंतीवरचं घड्याळ देतात, त्यावर बॅचचं वर्ष लिहितात. ती पद्धत मला नेहमीच चांगली वाटत आली आहे. तिच्यात कुणा एकाचं नाव पुढे येत नाही.

हे सगळं करण्याआधी शाळेची डायरी उघडून नियमांचं पान वाचा. अनेक शाळांनी शिक्षकांना भेटवस्तू देऊ नका असं स्पष्ट छापलेलं असतं. तसं असेल तर पत्र आणि मुलांची वही एवढंच द्या, आणि तेही कार्यालयात विचारून. जिल्हा परिषद किंवा सरकारी शाळांत ज्यांची मुलं आहेत त्या वाचकांनी तर हे नक्की लक्षात ठेवावं. तिथल्या शिक्षकांना वर्तणूक नियम लागू आहेत (जिल्हा परिषदेसाठी 1967 चे, राज्य शासनाच्या कर्मचाऱ्यांसाठी 1979 चे) आणि त्यांत भेटी स्वीकारण्यावर मर्यादा आहेत. आपल्या कौतुकापायी शिक्षकांना खुलासा द्यायची वेळ येऊ नये.

वेगळं दिलं तर खटकेल का, असं तुम्ही विचारता. ग्रुपच्या भेटीत तुम्हाला जमेल तेवढी रक्कम द्या, आणि पत्र, पिशवी, कुरडया हे निकालानंतर, मिस एकट्या असताना हातात द्या. त्याचा फोटो काढू नका, स्टेटसला टाकू नका. मग खटकायला कुणाला काही दिसणारच नाही. निकालानंतरच द्या, कारण प्रगतिपत्रक हातात पडल्यावर दिलेल्या भेटीवर कुणी बोट ठेवू शकत नाही, आणि मिसच्याही मनावर ओझं राहत नाही.

दुर्लक्ष होईल ही भीती तुम्ही लिहिलीत ते बरं झालं. ती बऱ्याच आयांच्या मनात असते आणि वर्गण्या त्या भीतीवरच फुगतात. पण तुमचा मुलगा तिसरीत गेला की बहुधा क्लास टीचर बदलतील. या मिसना काय दिलं याने नव्या मिसच्या वागण्यात फरक पडत नाही. फरक पडेल तो दुसऱ्याच गोष्टीने. निकालाच्या दिवशी मिसकडे दहा मिनिटं मागा आणि त्यांना विचारा: याच्याशी वर्गात काय केल्याने जमलं, काय केल्याने तो गप्प झाला? त्यांनी सांगितलेलं लिहून घ्या, आणि तिसरीच्या मिसना हे सांगाल का, अशी विनंती करा. त्याला घाई करायची नाही, त्याचं वाक्य पूर्ण करायचं नाही, अचानक उभं करून वाचायला लावायचं नाही, हे नव्या मिसना जूनच्या पहिल्याच आठवड्यात कळलं तर त्याचं वर्षभराचं काम टिकेल. अशी विनंती केली की आपली मेहनत पुढे नेली जाणार आहे हे या मिसनाही कळतं.

गाण्याच्या बाई आणि पीटीचे सर यांना पालक सहसा विसरतात. तुमच्या मुलाने कविता म्हटली त्यात गाण्याच्या तासाचा हात असेल तर त्यांच्यासाठी दोन ओळींची वेगळी चिठ्ठी लिहा.

व्हॅनच्या काकांना आणि मावशींना मात्र पैसेच द्या, पाकिटात घालून. इथे वस्तू शोधत बसू नका. बऱ्याच व्हॅनवाल्यांना मे महिन्याचं भाडं मिळत नाही, पण गाडीचा हप्ता आणि विमा थांबत नाही. काकांचे या महिन्याचे पैसे एक तारखेला पूर्ण द्या, आणि वर तुम्हाला जमेल ती रक्कम. मिससाठी जे 700 रुपये काढून ठेवले होते त्यातले उरलेले इकडे वळवले तर मला फार आनंद होईल. मावशींनी वर्षभर मुलाचा डबा उघडून दिला, ओली चड्डी बदलली, उलटी पुसली. मुलाला बरोबर न्या, पाकीट त्याच्या हातून द्या, आणि त्यांचं नाव काय ते त्याला आधी विचारून घ्या. बहुतेक मुलांना ते माहीत नसतं. कुरडयांची एक पिशवी त्यांच्यासाठीही बांधायला सासूबाईंना सांगा, आणि एक काकांसाठी.